युरोपीय आयोग : सदस्य वाढताना कारभार कसा बदलला?

युरोपीय संघाचा विषय निघाला की आपण काय पाठ करतो? १९५७ चा रोम करार, १९९२ चा मास्ट्रिख्ट करार, २००४ मध्ये आलेले दहा देश आणि २०२० मध्ये बाहेर पडलेलं ब्रिटन. परीक्षेपुरतं हे ठीक आहे. पण एक साधा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. सहा देशांसाठी उभारलेलं कार्यालय पंधरा देशांचं आणि मग पंचवीस देशांचं काम कसं करतं? नुसत्या खुर्च्या वाढवून भागतं का?

आजच्या पाठात हाच प्रश्न घेऊ. त्यासाठी साधारण १९९९ ते २००४ हा काळ नीट समजून घ्यावा लागेल. या पाच वर्षांत युरोपीय आयोगाचा कारभार मुळापासून बदलला.

आयोग म्हणजे नक्की काय?

युरोपीय संघात तीन संस्था महत्त्वाच्या आहेत. परिषदेत सदस्य देशांचे मंत्री बसतात. संसदेचे सदस्य थेट जनता निवडून देते. तिसरा युरोपीय आयोग, ज्याचं मुख्यालय ब्रुसेल्समध्ये आहे. कायद्याचा प्रस्ताव मांडणं, मंजूर झालेला पैसा खर्च करणं आणि सदस्य देश करार पाळतात की नाही यावर लक्ष ठेवणं, ही आयोगाची कामं. म्हणजे ही संघाची कार्यकारी शाखा.

आयोगाच्या शिखरावर आयुक्त असतात. आपल्या ओळखीच्या शब्दांत सांगायचं तर आयुक्त म्हणजे मंत्र्यासारखा. त्याच्या हाताखाली 'महासंचालनालय' असतं, ते खात्यासारखं. त्या खात्याचा सर्वांत वरिष्ठ अधिकारी महासंचालक, म्हणजे आपल्या सचिवासारखा.

एक फरक मात्र विसरू नका. आयुक्त एखाद्या देशातून येतो, पण तो त्या देशाचा प्रतिनिधी नसतो. कोणत्याही सरकारकडून सूचना घेणार नाही, अशी प्रतिज्ञा तो संघाच्या न्यायालयासमोर करतो. म्हणूनच आयोगाला 'अधिराष्ट्रीय' संस्था म्हणतात. देशांच्या बेरजेपेक्षा वेगळं असं तिचं स्वतःचं काम असतं. हा मुद्दा पुढे पुन्हा लागणार आहे.

खुर्च्या वाढत गेल्या

१९५८ मध्ये सदस्य देश सहा होते आणि आयुक्त नऊ. १९७३ मध्ये ब्रिटन, आयर्लंड आणि डेन्मार्क आले, आयुक्त झाले १३. १९८१ मध्ये ग्रीस आलं, आयुक्त १४. १९८६ मध्ये स्पेन आणि पोर्तुगाल आले, आयुक्त १७. १९९५ मध्ये ऑस्ट्रिया, फिनलंड आणि स्वीडन आले, तेव्हा देश झाले १५ आणि आयुक्त २०. देशांपेक्षा आयुक्त जास्त कसे? कारण जर्मनी, फ्रान्स, इटली, ब्रिटन आणि स्पेन या पाच मोठ्या देशांचे प्रत्येकी दोन आयुक्त असत.

प्रत्येक वेळी युक्ती एकच: देश वाढला की खुर्ची वाढवायची. खुर्चीसाठी खातं लागतं, मग असलेल्या खात्याचे तुकडे करायचे. खाली कामाची पद्धत मात्र तीच ठेवायची.

त्यातच कामं वाढली. एकसंध बाजारपेठ आली. १९८९ नंतर पूर्व युरोपात साम्यवादी राजवटी कोसळल्या आणि तिथल्या देशांना मदत पोहोचवायची जबाबदारी आयोगावर आली. जगभरच्या आपत्तींत मदत पाठवण्यासाठी १९९२ मध्ये वेगळं कार्यालय निघालं. नवीन कामं देताना सदस्य देश उदार होते, पण ती कामं करायला माणसं देताना त्यांचा हात आखडत होता. मग आयोगाने पळवाट काढली. कार्यक्रम राबवण्याचं काम बाहेरच्या खाजगी कंत्राटी कार्यालयांकडे द्यायला सुरुवात झाली. पैसा सार्वजनिक, तो वाटणारे हात खाजगी आणि त्यांच्यावर नजर ठेवायला पुरेशी माणसं नाहीत. पुढे काय होणार, याचा अंदाज तुम्हालाही येईल.

सह्या सगळ्यांच्या, जबाबदारी कुणाची?

जुन्या पद्धतीतला सर्वांत मोठा दोष इथे आहे, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

त्या वेळी आयोगात खर्चाचा प्रत्येक व्यवहार एका मध्यवर्ती वित्तीय नियंत्रकाकडे आधी जायचा. त्याचा शिक्का मिळाला की पैसा सुटायचा. वरवर पाहिलं तर ही कडक व्यवस्था वाटते. प्रत्यक्षात उलटं घडायचं. खर्च मंजूर करणारा खात्यातला अधिकारी म्हणायचा, "नियंत्रकाने शिक्का दिलाय, म्हणजे सगळं ठीक असणार." नियंत्रकाकडे कागदांचा ढीग. त्याला कागद दिसायचे, जागेवरचं काम दिसायचं नाही. आयुक्त म्हणायचा, "हे तर प्रशासनाचं काम." म्हणजे फाइलवर सह्या भरपूर आणि जाब विचारायची वेळ आली की धनी कोणीच नाही.

सरकारी कचेरीत एक कागद घेऊन चार टेबलं फिरलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

मार्च १९९९ : अख्खा आयोग घरी गेला

१९९५ पासून लक्झेंबर्गचे झाक सांतेर आयोगाचे अध्यक्ष होते. डिसेंबर १९९८ मध्ये युरोपीय संसदेने १९९६ च्या खर्चाच्या हिशेबाला मंजुरी नाकारली. त्याच सुमारास पॉल व्हान बाउटेनेन या आयोगाच्याच डच लेखापरीक्षकाने गैरव्यवहारांची कागदपत्रं संसदेच्या सदस्यांकडे दिली. आयोगाने काय केलं? त्यालाच निलंबित केलं आणि त्याचा पगार निम्मा केला. गावात रात्री हाक देणाऱ्या जागल्यालाच कोंडून ठेवावं, तसा हा प्रकार. लोकांचा राग वाढला.

जानेवारी १९९९ मध्ये संसदेत अविश्वास ठराव आला. तो २३२ विरुद्ध २९३ मतांनी फेटाळला गेला, पण पाच स्वतंत्र तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. तिचा पहिला अहवाल १५ मार्च १९९९ रोजी आला आणि त्याच रात्री सर्व २० आयुक्तांनी राजीनामे द्यायचं ठरवलं.

अहवालात होतं तरी काय? कोणा आयुक्ताने स्वतः पैसे खाल्ले, असं समितीने म्हटलं नव्हतं. फ्रान्सच्या माजी पंतप्रधान आणि तेव्हाच्या आयुक्त एडिथ क्रेसाँ यांच्यावर ओळखीतल्या माणसाला झुकतं माप दिल्याचा ठपका होता. त्यांनी आपल्या परिचयातल्या एका दंतवैद्याला 'अभ्यागत शास्त्रज्ञ' म्हणून नेमलं होतं. पुढे २००६ मध्ये न्यायालयानेही त्यांनी पदाच्या कर्तव्याचा भंग केल्याचं म्हटलं, मात्र त्यांचं निवृत्तिवेतन कापलं नाही. पण समितीचा खरा घाव दुसरीकडे होता. या संस्थेत जबाबदारीची जाणीव असलेला माणूस शोधणं कठीण झालं आहे, असा तिचा निष्कर्ष होता. चोरीपेक्षा हा आरोप जड. चोर पकडता येतो, पण कुणाचीच नसलेली जबाबदारी कुठून पकडणार?

आणखी एक अडचण होती. तेव्हाच्या करारानुसार संसद एका आयुक्ताला काढू शकत नव्हती, अध्यक्षालाही तो अधिकार नव्हता. काढायचं तर सगळ्यांना. म्हणून एकाच्या हट्टापायी वीस जण गेले.

सुधारणा विस्ताराच्या आधीच का?

सप्टेंबर १९९९ मध्ये इटलीचे रोमानो प्रोदी अध्यक्ष झाले. कारभार सुधारण्याचं काम त्यांनी ब्रिटनचे नील किनॉक यांच्याकडे दिलं. गंमत म्हणजे किनॉक हे सांतेर यांच्या आयोगातही आयुक्त होते. म्हणजे घर कुठे गळतं, हे त्यांनी आतून पाहिलेलं होतं.

आता तारखा एकमेकींशेजारी ठेवून पाहा. १९९८ मध्ये सहा देशांशी प्रवेशाच्या वाटाघाटी सुरू झाल्या. फेब्रुवारी २००० मध्ये आणखी सहा देशांशी सुरू झाल्या. आणि १ मार्च २००० रोजी किनॉक यांची सुधारणांची श्वेतपत्रिका मंजूर झाली. तिच्यात ९८ कृती नोंदवलेल्या होत्या. दारात बारा पाहुणे उभे आहेत आणि घराचा खांब हललेला आहे, अशी ती वेळ होती. नवीन देश आल्यावर दुरुस्ती करू म्हटलं असतं, तर प्रत्येक बदलासाठी १५ ऐवजी २५ देशांची समजूत काढावी लागली असती. शिवाय नव्याने आलेले लोक जुनी पद्धतच शिकले असते.

नेमकं काय बदललं?

*पैशाचा कारभार :* मध्यवर्ती शिक्क्याची पद्धत गेली. २००३ पासून लागू झालेल्या नव्या वित्तीय नियमांनुसार ज्या खात्याचा खर्च, त्याच खात्याचा महासंचालक जबाबदार ठरला. त्याने दरवर्षी अहवाल द्यायचा आणि आपल्या खात्यातला पैसा नियमाने खर्च झाला आहे, असं स्वतःच्या सहीने लिहून द्यायचं. २००१ मध्ये स्वतंत्र अंतर्गत लेखापरीक्षण विभाग सुरू झाला. फसवणुकीचा तपास करणारं वेगळं कार्यालय त्याआधीच, १९९९ मध्ये निघालं होतं. थोडक्यात, सह्या कमी झाल्या आणि प्रत्येक सहीचं वजन वाढलं.

*माणसांचा कारभार :* वरिष्ठ जागांवर अमुक देशाचाच माणूस, असा अलिखित हक्क तयार झाला होता. तो मोडायचं ठरलं. वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या काही वर्षांनी बदल्या होऊ लागल्या. आयुक्ताच्या खाजगी कार्यालयात पूर्वी त्याच्याच देशाचे लोक भरलेले असत. आता तिथे किमान तीन देशांचे लोक असणं आवश्यक झालं. बढती नुसत्या ज्येष्ठतेवर न देता दरवर्षीच्या मूल्यमापनाच्या गुणांवर देण्याची पद्धत आली. कर्मचारी संघटनांनी या बदलांना विरोधही केला.

*भरती :* संघाच्या सर्व संस्थांसाठी एकच भरती कार्यालय २००२ मध्ये स्थापन झालं. आपल्याकडच्या लोकसेवा आयोगासारखंच समजा. या कार्यालयाने २००३ मध्येच येऊ घातलेल्या दहा देशांच्या नागरिकांसाठी स्पर्धा परीक्षा घेतल्या. म्हणजे देश संघात यायच्या आधीच त्याच्या उमेदवारांची निवड सुरू झाली होती.

*नावं :* हा बदल लहान आहे, पण मला फार आवडतो. पूर्वी महासंचालनालयं रोमन आकड्यांनी ओळखली जात. बाहेरच्या माणसाला 'सहावं' म्हणजे काय, हे कळायचंच नाही. प्रोदी यांनी आकडे काढून 'शेती', 'पर्यावरण' अशी नावं दिली. कारभार लोकांना कळायला हवा असेल, तर खात्याच्या पाटीपासून सुरुवात करावी लागते.

*जागल्याचं संरक्षण :* गैरप्रकार दिसला तर कर्मचाऱ्याने तो कळवलाच पाहिजे आणि प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला त्रास होता कामा नये, हे सेवानियमांत लिहिलं गेलं. व्हान बाउटेनेन यांच्या प्रकरणातून शिकलेला हा धडा.

एकाच दिवशी दोन घटना

१ मे २००४ ही तारीख सगळ्यांना पाठ असते. सायप्रस, चेकिया, एस्टोनिया, हंगेरी, लॅटव्हिया, लिथुआनिया, माल्टा, पोलंड, स्लोव्हाकिया आणि स्लोव्हेनिया हे दहा देश त्या दिवशी संघात आले. सुमारे साडेसात कोटी माणसं वाढली.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली, ती पुस्तकात सहसा नसते. आयोगाचे नवे सेवानियम १ मे २००४ पासूनच लागू झाले. जुने अ, ब, क, ड हे संवर्ग जाऊन प्रशासक आणि सहायक असे दोन संवर्ग आले. आणि नव्याने लागणाऱ्यांसाठी सुरुवातीची वेतनश्रेणी खाली आली.

आता विचार करा. जुने कर्मचारी आपल्या जुन्या पगारावर राहिले. नव्या देशांतून येणाऱ्यांना मात्र नोकरीच त्या दिवसानंतर मिळणार होती, म्हणून त्यांची सुरुवात खालून झाली. नियम सर्व देशांना सारखाच होता, कागदावर भेदभाव नव्हता. पण एकाच खोलीत, एकाच कामावर बसलेल्या दोघांच्या पगारात फरक पडला. परीक्षा जुन्या नियमांत उत्तीर्ण होऊन नेमणूक नव्या नियमांत मिळालेले काही जण न्यायालयात गेले. २००८ मध्ये त्यांचं म्हणणं फेटाळलं गेलं. सुधारणेचा खर्च कुणीतरी भरतोच, आणि बहुधा शेवटी आलेला भरतो. हा मुद्दा वहीत लिहून ठेवा.

आणि भाषा? प्रत्येक सदस्य देशाच्या भाषेत कायदा मिळाला पाहिजे, हे तत्त्व १९५८ पासूनचं. तेव्हा अधिकृत भाषा चार होत्या. २००४ मध्ये त्या ११ वरून २० झाल्या. ११ भाषांत एकीतून दुसरीत जाण्याच्या ११० वाटा होतात, २० भाषांत ३८०. हे गणित तुम्हीच करून पाहा. माल्टी भाषेसाठी तर पुरेसे अनुवादकच मिळेनात, म्हणून तिला तीन वर्षांची सवलत द्यावी लागली.

न सुटलेला प्रश्न : आयुक्त किती?

कारभार सुधारला, पण खुर्च्यांचं काय? २००१ मध्ये सह्या झालेल्या नीस करारात दोन गोष्टी ठरल्या. मोठ्या देशांनी दुसरा आयुक्त सोडायचा. आणि सदस्य २७ झाले की आयुक्तांची संख्या देशांपेक्षा कमी करून पाळीपाळीने खुर्ची द्यायची. याच कराराने अध्यक्षाला सहकाऱ्यांच्या संमतीने एखाद्या आयुक्ताचा राजीनामा मागण्याचा अधिकारही दिला. म्हणजे एकासाठी सगळे घरी, ही वेळ टळली.

पहिली गोष्ट झाली. मे २००४ मध्ये दहा नवे आयुक्त आले तेव्हा काही महिने तीस आयुक्त होते, त्यांतले दहा जण बिनखात्याचे. नोव्हेंबरात पोर्तुगालचे बारोसो अध्यक्ष झाले आणि एका देशाला एक, असे २५ आयुक्त झाले.

दुसरी गोष्ट मात्र अडली. लहान देशांना वाटलं, आपला माणूस नसेल तर आपलं ऐकणार कोण? २००८ मध्ये आयर्लंडच्या मतदारांनी लिस्बन करार नाकारला, त्यामागच्या कारणांपैकी हे एक होतं. त्यानंतर 'प्रत्येक देशाचा एक आयुक्त' हे आश्वासन दिलं गेलं आणि २००९ मध्ये आयर्लंडने करार स्वीकारला. आजही २७ देश आणि २७ आयुक्त आहेत.

आयुक्त देशाचा प्रतिनिधी नसतो, असं आपण सुरुवातीला वाचलं. मग प्रत्येक देशाला स्वतःचा आयुक्त का हवा? करारातलं तत्त्व एक सांगतं आणि लोकांचा विश्वास दुसरंच मागतो. आयोगाची सगळी ओढाताण या दोहोंमधली आहे. खुर्च्या वाढल्या की खाती पातळ होतात. २००७ मध्ये रोमानियाच्या आयुक्ताला फक्त 'बहुभाषिकता' हे खातं मिळालं. २०१४ मध्ये युंकर यांनी यातून वेगळा मार्ग काढला: संख्या तीच ठेवून काही उपाध्यक्षांना समन्वयाचे अधिकार दिले.

मग सुधारणा यशस्वी झाली का?

एका शब्दात उत्तर देऊ नका, गुण कमी होतील. तपासाला, लेखापरीक्षणाला आणि भरतीला पक्की चौकट मिळाली. दहा देश एकदम येऊनही आयोग कोलमडला नाही. ही जमेची बाजू.

दुसरी बाजूही आहे. २००३ मध्ये आयोगाच्या सांख्यिकी कार्यालयात गुप्त खाती असल्याचं प्रकरण गाजलं. मुख्य लेखा अधिकारी मार्ता आंद्रेआसेन यांनी हिशेबपद्धतीतल्या त्रुटी बोलून दाखवल्या. त्यांना निलंबित केलं गेलं आणि २००४ मध्ये काढून टाकलं गेलं. आयोगाचं म्हणणं, त्यांनी शिस्त मोडली. त्यांचं म्हणणं, खरं बोलल्याची शिक्षा मिळाली. नियम लिहिला म्हणून वृत्ती त्याच दिवशी बदलत नाही, एवढं यातून दिसतं. शिवाय प्रत्येकाने लेखी जबाबदारी घ्यायची म्हटल्यावर अहवाल आणि तक्ते वाढले. काम करण्यापेक्षा काम केल्याचं लिहिण्यातच वेळ जातो, ही तक्रार तिथल्या कर्मचाऱ्यांचीही आहे. शिक्षकांना ती नवी वाटणार नाही!

आज युक्रेन, मोल्दोव्हा, अल्बानिया, मॉन्टेनेग्रो यांच्यासह नऊ देशांना उमेदवाराचा दर्जा आहे. सगळे आले तर ३६ आयुक्त. म्हणजे १९९९ मधला प्रश्न पुन्हा दारात उभा आहे.

या सगळ्याचं सार एवढंच: संस्था मोठी होताना खुर्ची वाढवणं सोपं असतं, कारण त्याने सगळे खूश होतात. 'हे काम कुणाचं आणि चुकलं तर जाब कोण देणार' हे ठरवणं अवघड, कारण त्याने कुणीच खूश होत नाही. पण संस्था टिकते ती या दुसऱ्या कामावर.

विचार करा आणि वहीत लिहा

१. जास्त सह्या म्हणजे जास्त जबाबदारी, हे विधान बरोबर आहे का? पाठातलं उदाहरण देऊन लिहा.

२. तुम्ही माल्टासारख्या छोट्या देशाचे नागरिक असता, तर पाळीपाळीने आयुक्त नेमण्याची पद्धत मान्य केली असती का? का?

३. १ मे २००४ नंतर नोकरीला लागलेल्यांची खालची वेतनश्रेणी तुम्हाला न्याय्य वाटते का? दोन्ही बाजू मांडा.

४. तुमच्या शाळेतली, सोसायटीतली किंवा गावातली एखादी समिती आठवा. तिचे सदस्य वाढले तेव्हा कामाची पद्धत बदलली, की नुसत्या खुर्च्या वाढल्या?